बाबांच्या नावाचा परवाना



मार्च-एप्रिल आला की आपल्या घरांमध्ये दोनच विषय असतात. इस्टरची सुट्टी आणि आई-बाबांचा व्हिसा. या महिन्यात मला तीन वेगवेगळ्या घरांतून जवळपास एकच प्रश्न आला. "सासरे येतायत, त्यांना मासे धरायची भारी हौस. इथे परवाना लागतो म्हणे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला देतात का?" एकीने पुढे विचारलं, "माझ्या दिराला बंदुकीचा शौक आहे, त्याला इथे शिकारीचा परवाना मिळेल का?"

मी सीए आहे, वकील नाही. पण नियमांचा कागद समोर आला की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे, आणि माझ्या बाबांसाठी हे सगळं मी २०२२ मध्ये केलंय. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी दिराचा प्रश्न संपवू. अमेरिकेत राज्याराज्याचा शिकारीचा परवाना असतो, तसा ब्रिटनमध्ये आता उरलेला नाही. पूर्वी 'गेम लायसन्स' असायचं. ते इंग्लंड-वेल्समध्ये २००७ साली रद्द झालं, स्कॉटलंडमध्ये २०११ साली. आता परवाना लागतो तो बंदुकीला. शिवाय ज्याची जमीन त्याची परवानगी, आणि कोणता प्राणी-पक्षी कोणत्या महिन्यांत मारता येतो याचे कायदे वेगळे. बाहेरून आलेल्या पाहुण्यासाठी 'व्हिजिटर्स परमिट' असतं, पण त्यासाठी पाहुण्याने स्वतः अर्ज करून चालत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कोणीतरी 'स्पॉन्सर' म्हणून आपल्या भागातल्या पोलिसांकडे अर्ज करावा लागतो. परमिट जास्तीत जास्त बारा महिन्यांचं. म्हणजे दिराच्या हौसेची जबाबदारी वहिनीच्या सहीवर. मी तिला सांगितलं, त्यापेक्षा मातीच्या तबकड्या उडवतात त्या क्ले शूटिंगच्या मैदानावर घेऊन जा. पोलिसांनी मंजूर केलेल्या ठिकाणी आणि वेळी, तिथल्या लोकांच्या देखरेखीखाली, प्रमाणपत्र नसलेला माणूसही बंदूक चालवू शकतो. हौस भागते, प्राणी वाचतात, सही वाचते.

आपल्याकडे तर हा प्रश्नच कधीचा मिटलाय. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती, १९९१ च्या दुरुस्तीत ती काढून टाकली. तेव्हा बंदूक बाजूला ठेवू आणि गळाकडे येऊ.

माझे बाबा भंडारा जिल्ह्यातले. निवृत्त शिक्षक. भंडारा-गोंदिया म्हणजे तलावांचा मुलूख. जुन्या मालगुजारांनी बांधून घेतलेले शेकडो तलाव तिथे आहेत. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि बहुतेक ठिकाणी मासेमारीचा ठेका ढिवर समाजाच्या सहकारी सोसायट्यांकडे आला. बाबा लहानपणी सोसायटीच्या लोकांना विचारून गळ टाकायचे. 'विचारून' हा शब्द ते आजही जोर देऊन म्हणतात.

२०२२ च्या मे महिन्यात आई-बाबा कोविडनंतर पहिल्यांदा आमच्याकडे मिल्टन कीन्सला आले. तुम्हाला सांगायला नको, आई-वडील इथे आले की पहिले पंधरा दिवस कसे जातात. लोणची निघतात, शेजाऱ्यांना चिवडा जातो, लंडन दाखवून होतं. मग सोमवार उजाडतो. आम्ही दोघं कामावर, लेक शाळेत, आई स्वयंपाकघराचा ताबा घेऊन खूश. आणि बाबा? बाबा खिडकीपाशी. ज्या माणसाला गावात चौकापर्यंत जायला अर्धा तास लागतो, कारण दर दहा पावलांवर माजी विद्यार्थी नमस्कार करतो, तो माणूस इथे दाराची किल्ली मागताना संकोचतो. बँकेचं कार्ड माझं, फोनचं सिम माझ्या नावावर, बसचा पास नाही, गाडी चालवायला नको वाटते. "तुला वेळ असला तर" हे वाक्य दिवसातून चारदा. मला ते ऐकवत नव्हतं.

घरापासून पंधरा मिनिटांवर ग्रँड युनियन कालवा आहे. बाबा रोज तिथे फिरायला जायला लागले आणि एक दिवस येऊन म्हणाले, "तिथं माणसं गळ टाकून बसतात. आपल्यालाही बसता येईल का? पण विचारून."

मग मी बसले वाचायला. इंग्लंड आणि वेल्समध्ये गोड्या पाण्यात गळाने मासे धरायचे तर तेरा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला 'रॉड लायसन्स' लागतं. धरलेला मासा लगेच सोडणार असाल तरी लागतं. नसेल आणि कोर्टात गेलं तर दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. आणि आपल्या पाहुण्यांसाठी नुसता दंडाचा प्रश्न नसतो. व्हिजिटर व्हिसाचे नियम असे आहेत की कोर्टात दोष सिद्ध होऊन नुसता दंड झाला असला, तरी त्यानंतर बारा महिन्यांच्या आत केलेला अर्ज नाकारला जाऊ शकतो. म्हणजे "कोण विचारतंय, अर्धा तास तर बसायचंय" या हिशोबाची खरी किंमत पुढच्या वर्षी नातवाच्या वाढदिवसाला आजोबा नसणं अशी होऊ शकते. हे मी घाबरवायला लिहीत नाही. जोखीम किती आणि ती टाळायला खर्च किती, एवढं फक्त शेजारी शेजारी मांडते.

खर्च किती? २०२२ चे दर सांगते, कारण ते मी भरलेत. एका दिवसाचे ६ पौंड, आठ दिवसांचे १२, वर्षाचे ३०, आणि ज्येष्ठ नागरिकांना वर्षाचे २०. सवलत फक्त वर्षाच्या परवान्याला. आता आकडेमोड करा. सहा महिने राहणाऱ्या आजोबांनी आठ दिवसांचा परवाना दोनदा काढला तर २४ पौंड, आणि अख्ख्या वर्षाचा २०! एप्रिल २०२३ पासून दर वाढलेत, त्यामुळे आजचा आकडा सरकारच्या साइटवरच बघा. हिशोबाची पद्धत तीच राहील.

जाता जाता, व्यवसायबंधूंसाठी एक गंमत. पूर्वी हा परवाना केव्हाही काढला तरी ३१ मार्चला संपायचा, अगदी आपल्या मार्च एंडिंगसारखा. २०१७ पासून तो काढलेल्या दिवसापासून पूर्ण वर्षभर चालतो. मुलांसाठीची फी तेव्हाच रद्द झाली. मासेमाऱ्यांचं मार्च एंडिंग सुटलं, आपलं काही सुटत नाही.

अर्ज भरताना मी नेहमीच्या सवयीने 'रेसिडेंट आहे का', 'व्हिसाचा प्रकार कोणता', 'पाहुण्यांसाठी वेगळा दर' असं काही शोधत होते. काहीच नव्हतं! पाहुण्याला आणि इथल्या माणसाला दर एकच. भंडाऱ्याहून आलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाबांना तीच सवलत, जी शेजारच्या घरातल्या इंग्रज आजोबांना. मी ते पान दोनदा वाचलं.

दोनदा का, ते तुम्हाला कळेल. आपण सगळे वेगळ्या दराची माणसं आहोत. व्हिसावर असताना आरोग्य अधिभार भरतो. तो आता मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आहे, आणि पगारातून कर जातो तो वेगळाच. व्हिजिटर आई-बाबांना इस्पितळात दाखल करावं लागलं तर ज्या उपचारांना पैसे लागतात त्यांचं बिल नेहमीच्या दराच्या दीडपट येतं. विद्यापीठात 'होम' फी आणि 'ओव्हरसीज' फी. आणि सुट्टीत भारतात गेलो की उलटी बाजू. २०१८ पासून अजिंठ्याचं तिकीट भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पासपोर्टला ६०० रुपये. (मुलांची ओसीआय कार्डं सोबत ठेवा. स्मारकं आणि राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेशाला ओसीआयवाल्यांना भारतीयांचाच दर आहे. खिडकीवर शांतपणे दाखवा.)

आता माझ्यातली हिशेबनीस एक बोलेल. बाहेरच्याकडून जास्त घेणं हे दर वेळी अन्याय नसतं. अमेरिकेत मोंटाना राज्यात एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना १९७६ साली राज्यातल्या माणसाला ९ डॉलरला मिळायचा. बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याला मात्र २२५ डॉलरचा एकत्रित परवानाच घ्यावा लागायचा. तोच एकत्रित परवाना स्थानिकाला ३० डॉलरला. म्हणजे साडेसातपट. लोक कोर्टात गेले, प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं आणि १९७८ मध्ये राज्य जिंकलं. कोर्टाचं म्हणणं ढोबळमानाने असं की हौसेची शिकार म्हणजे पोटापाण्याचा हक्क नव्हे, आणि तो कळप सांभाळायचा खर्च वर्षभर स्थानिक लोक उचलतात. कॉस्टिंगच्या दृष्टीने हा मुद्दा मला पटतो. पण मग दुसरी बाजूही पटायला हवी. नदीकाठी गळ टाकून बसलेला माणूस कुठल्याही पासपोर्टचा असला तरी त्याचा नदीवर पडणारा भार सारखाच असतो. परवान्याचा पैसा एन्व्हायर्नमेंट एजन्सी मत्स्यसाठ्यावर आणि नद्यांवर खर्च करते. जेवढा भार तेवढी फी. सवलत वयाला आहे, पासपोर्टला नाही. इतकं स्वच्छ दरपत्रक या देशात माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

बाबांना मी लॅपटॉपसमोर बसवलं आणि फॉर्म त्यांनाच भरायला लावला. नाव, जन्मतारीख, सगळं एका बोटाने. पैसे त्यांनी पौंडांतल्या नोटा मोजून मला दिले, मी नको म्हटलं नाही. प्रिंट काढली. त्यांनी ती प्लास्टिकच्या पाकिटात घातली, मागे पासपोर्टची झेरॉक्स जोडली, आणि म्हणाले, "इथं माझ्या नावावर एवढा एकच कागद आहे."

पण नुसत्या या कागदावर पाण्यात गळ पडत नाही. परवाना सरकारचा, पाणी मात्र दुसऱ्याचं. कालव्याचे बरेचसे पट्टे स्थानिक अँगलिंग क्लबांनी भाड्याने घेतलेले असतात. त्यांचं सभासदत्व किंवा दिवसाचं तिकीट वेगळं काढावं लागतं. मी हे समजावून सांगायला तयारी करून बसले होते, पण बाबांनी दोन वाक्यांत आटोपलं. "म्हणजे आपल्यासारखंच. सरकार वेगळं, तलावाची सोसायटी वेगळी." इंग्लंडातल्या मासेमारीच्या कायद्याचं इतकं थोडक्यात सार मी कुठे वाचलेलं नाही.

बंदीचा काळही त्यांना परका नव्हता. इंग्लंडातल्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंदी असते, विणीचा हंगाम म्हणून. १६ जूनला नद्या उघडतात. बहुतेक कालव्यांना आणि तलावांना ही बंदी नाही. आपल्याकडे समुद्रावर १ जून ते ३१ जुलै होड्या ओढून ठेवतात, मग नारळी पौर्णिमा. महिने वेगळे, कारण तेच.

अडलं ते एकाच ठिकाणी. इथे बहुतेक लोक मासा धरतात, कौतुकाने बघतात आणि परत सोडतात. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "धरायचा अन् सोडून द्यायचा? मग त्या माशाले त्रास कायले दिला?" आई तर हळद-मीठ लावायच्या तयारीत बसलेली. कायद्याने नदीवर दिवसाला थोडे मासे ठेवता येतात, म्हणजे रोच, पर्च वगैरे २० सेंटिमीटरपर्यंतचे छोटे पंधरा, आणि ६५ सेंटिमीटरच्या आतला एक पाइक. पण कालव्यावर आणि तलावावर मालकाच्या परवानगीशिवाय एकही नाही. आणि ईल तर कुठूनही नाही, सापडली की पाण्यात. यावरून बाहेरून आलेल्या लोकांवर काठावर संशयाच्या नजरा असतात, हेही खरं. पूर्व युरोपातून आलेली माणसं मासे खायला नेतात अशी ओरड झाल्यावर अँगलिंग ट्रस्टने त्यांच्या भाषांत पाट्या आणि पत्रकं काढली होती. आपला माणूस पिशवी घेऊन बसला तर त्याच्याकडेही तसंच बघितलं जाणार.

मी बाबांना नियम सांगितला, बाजू कुणाचीच घेतली नाही. त्यांचा प्रश्न मला आजही बरोबर वाटतो. पण ते रोज गेले. पर्च सापडला की लेकाला मराठीत त्याचे पट्टे मोजायला लावायचे आणि सोडून द्यायचे. आईसाठी शनिवारी बांगलादेशी दुकानातून फ्रोजन रोहू यायचा. लेक तेव्हा बारा वर्षांचा होता, म्हणजे त्याला परवाना लागत नव्हता. घरात आजोबांशी "हो", "नाही", "नको" एवढंच बोलणारा मुलगा काठावर दोन-दोन तास बसायचा. तिथे बोलायची सक्ती नव्हती म्हणून असेल, पण बोलायला लागला. 'गळ', 'आमिष', 'दोरा गुंतला' हे शब्द त्याला आम्ही शिकवलेले नाहीत.

जुलैमध्ये क्लबचा देखरेख करणारा माणूस तपासायला आला. लेकाने घरी येऊन सांगितलं की आजोबांनी पाकिटातून परवाना, दिवसाचं तिकीट, पासपोर्टची झेरॉक्स आणि परतीचं विमानाचं तिकीट असं सगळं एकामागून एक काढलं. तो माणूस हसला, परवाना बघितला, "थँक यू, सर" म्हणाला आणि पाणी कमी झाल्यामुळे मासे कुठे सरकलेत ते दाखवून गेला. (तो उन्हाळा आठवतोय ना? १९ जुलैला चाळीसच्या वर गेलं होतं.) दुसऱ्या दिवसापासून बाबांनी किल्ली मागणं बंद केलं. दाराजवळच्या खुंटीवरून स्वतः घ्यायचे.

ऑक्टोबरमध्ये ते परत गेले. व्हिसा संपला, परवाना पुढच्या जूनपर्यंत चालू होता. तो अजून त्यांच्या पाकिटात आहे.

आता ज्यांच्याकडे यंदा आजी-आजोबा येतायत त्यांच्यासाठी, मोबाइलमध्ये जपून ठेवण्यासारखं:

१. परवाना फक्त सरकारच्या अधिकृत साइटवरून काढा. मध्यस्थ साइट्स वर जादा पैसे लावतात.

२. तेरा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही. तेरा ते सोळा वयाच्या मुलांना फुकट मिळतो, पण काढावा लागतो. 'फुकट' आणि 'नको' यात फरक आहे. सतरापासून फी.

३. गळ ज्याच्या हातात, परवाना त्याच्या नावावर. आजोबांचा आजीला चालत नाही. नुसतं शेजारी बसून डबा उघडायला परवाना लागत नाही.

४. परवान्याखेरीज त्या पाण्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी वेगळी. काठावरची पाटी वाचा, नसेल तर विचारा.

५. इंग्लंड-वेल्सचा परवाना सगळ्या युनायटेड किंग्डमला चालत नाही. स्कॉटलंडमध्ये रॉड लायसन्सच नाही (सीमेवरच्या बॉर्डर एस्क नदीचा अपवाद), पण मालकाची परवानगी हवी, आणि रविवारी सामन मासा धरायला बंदी आहे. नॉर्दर्न आयर्लंडचे परवाने पूर्ण वेगळे, इथला तिथे चालत नाही.

६. समुद्रात हौसेने गळ टाकायला रॉड लायसन्स लागत नाही, मात्र सामन आणि सी-ट्राउट यांना सूट नाही. इतर माशांचे आकाराचे नियम आहेत, बास माशाचे तर खास. जायच्या आधी वाचा.

७. आई-बाबा एप्रिल-मेमध्ये येत असतील तर नदीसाठी १६ जूनपर्यंत थांबा. तोवर कालवा आहे.

आणि आठवा मुद्दा नियमाचा नाही. फॉर्म त्यांना स्वतः भरू द्या, पैसे त्यांना देऊ द्या. मासेमारी नसेल तर लायब्ररीचं कार्ड काढा, भाजीच्या वाफ्यांसाठी नाव नोंदवा, काहीही. आपण त्यांना इथे बोलावतो तेव्हा राहण्याची, औषधांची, विम्याची सगळी तरतूद करतो, आणि त्या नादात त्यांच्या नावावर काहीच उरत नाही. सहा महिने फक्त कुणाचे तरी आई-बाबा म्हणून राहणं सोपं नसतं.

माझा लेक आता मोठा झालाय. भंडाऱ्याहून व्हिडिओ कॉल आला की अभ्यासाआधी एकच चौकशी होते, "परवान्याची तारीख बघितली का रे?" तो हो म्हणतो. मग माझी पाळी.